रोज उघडणारी फाइल

"हायब्रिडच घ्या मॅडम, डोळे झाकून. पैजेवर सांगतो."

ऑफिसातले संगणक म्हातारे झाले होते. सगळ्यांत कोणती डिस्क बसवायची, ते आज ठरायचं होतं. अकरा वर्षं गटारांचे नकाशे सांभाळून ज्यांचा चेहराही गटाराच्या झाकणासारखा झाला होता, ते नकाशेकाका कधी नव्हे ते तावातावाने बोलत होते. त्यांच्या संगणकात हायब्रिड होती: मोठी फिरती तबकडी आणि जोडीला छोटीशी चिप. शेजारच्या टायपिस्टकडे एसएसडी. म्हणजे नुसती चिप, फिरणारं काहीच नाही.

"दोघांनीही मुख्य नकाशा उघडा," मॅडम म्हणाल्या.

टायपिस्टचा नकाशा पापणी लवायच्या आत उघडला. काकांच्या पडद्यावर चक्र गरगरत राहिलं आणि खोक्यातून जात्यासारखी घरघर येऊ लागली.

"हा नकाशा वर्षाकाठी एकदा लागतो," काका घाम पुसत म्हणाले. "हायब्रिड काय करते, आपण रोज जे उघडतो ते चिपवर हाताशी ठेवते. रोजचं काहीतरी बघा, एसएसडीच्या तोंडात मारेल."

"बघू." मॅडमनी माउस स्वतःच घेतला आणि अलीकडच्या फायलींतलं नकाशाखालचं पहिलंच नाव दाबलं. 'अर्ज'.

काका "ते नको" म्हणेपर्यंत कागद पडद्यावर हजर होता. त्या डिस्कने जन्मात एवढी चपळाई दाखवली नव्हती.

राजीनामा होता. 'या खुर्चीत माझा जीव गुदमरतो' इथपासून सगळं लिहिलेलं, खाली आजची तारीख. टायपिस्ट मान खाली घालून कीबोर्डवरची धूळ झटकू लागली.

"रोज उघडता?" मॅडमनी विचारलं.

"तारीख बदलायला."

"कधीपासून?"

"चौथं वर्ष."

"मग देत का नाही?"

"आई अंथरुणाला खिळलीय. तिची औषधं या नोकरीवर मिळतात."

मॅडमनी खुर्ची ओढली आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. आता गेली नोकरी, असं काकांनी मनाशी धरलं.

"सगळ्यांना एसएसडी बसवा," त्या उठत म्हणाल्या. मग हलक्या आवाजात, "आणि याची एक प्रत मला पाठवा. माझा चार ओळींपुढे सरकतच नाही."

काकांनी नाव-तारखेची जागा कोरी ठेवून प्रत पाठवली. एसएसडी आल्या. अर्ज आता दोघांकडेही झटकन उघडतो, आणि तितक्याच झटकन बंद होतो.