लग्नाच्या लुगड्याची परीक्षा

आमच्या घरात लग्नाची साडी पसंत करायची म्हणजे आधी पाट मांडावा लागतो. नवरीनं साडी नेसून पाटावर मांडी घालायची, नानांच्या देखत भाकरी संपवायची, मग साडी पास. रंग, काठ, पोत यांत नानांना काडीचाही रस नाही. "नवरीला जेवता येतंय का, ते आदी बघा," एवढंच त्यांचं म्हणणं.

नाना म्हणजे माझे थोरले दीर. नेकनूरला शेती बघतात आणि भावकीतल्या प्रत्येक लग्नात नवरीच्या खोलीच्या दाराशी सापडतात. एकदा तर मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी अंतरपाटाखालून नवरीच्या हातात पेढा सरकवला. भटजींनी डोळे वटारले, तर नानांनी त्यांनाही एक दिला.

यंदा माझ्या केतकीचं लग्न ठरलं. पोरगी पुण्यात नोकरीला. तिला लग्न साधं, शेतात, जुन्या काळच्या वेशात हवं होतं. तो साधेपणा पुण्याहून मोठमोठ्या खोक्यांत आला. शिवलेली नऊवारी, मखमली चोळी, ताठ शेला आणि पोट आवळणारा कंबरपट्टा. आरशात पोरगी सरदारघराण्यातली दिसत होती, खोटं कशाला बोलू. मग नानांनी पाट मांडला.

केतकी अर्धी वाकली आणि तिथंच अडकली. धड खाली बसेना, धड वर येईना. मी हात देऊन उठवली. ती चिडून म्हणाली, फोटो जन्मभर राहणार आहेत, एक दिवस नाही जेवले तर काही मरत नाही. नानांनी लगेच पाट उचलून भिंतीला टेकवला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

लग्नाच्या आदल्या सकाळी खोलीत गेले, तर नाना जमिनीवर बसून नऊवारीची शिवण उसवत होते, धान्याच्या पोत्याचा दोरा ओढावा तशी सरासरा. ते शांतपणे म्हणाले, "कुणीतरी लुगडं शिवून ठिवलं व्हतं. मोकळं केलं."

केतकीनं रडून घर डोक्यावर घेतलं. नशीब एवढंच, की शिवणाऱ्या बाईनं साडी न कापता शिवली होती. सासूबाईंना रोज नेसताना पाहिलेलं माझ्या हातांना आठवत होतं. मी तिला नेसवली, कासोटा खोचला. ती डोळे पुसत चालली, बसली, उठली, पुन्हा बसली आणि हसली. कंबरपट्टा खोक्यातच राहिला.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडायच्या आधी ती पाटावर ऐसपैस बसून वरणभात जेवली. नाना समोरच बसले होते. जेवताजेवता तिनं विचारलं, "नाना, तुम्हाला हे वेड लागलं तरी कधी?"

नाना उपरण्याच्या टोकाशी चाळा करत राहिले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्याविषयी ते कधी बोलत नाहीत.

"तुजी मोठीआई आमच्या लग्नात दिवसभर उपाशी व्हती," ते म्हणाले. "शालू लई जड. तिला बसता येईना, कुणी खाऊ घालंना. मी तिच्या शेजारीच जेवलतो, पोट भरून."

तिच्या पानात आणखी भात वाढत म्हणाले, "ती लई हसून सांगायची ही गोष्ट. मला न्हाई कदी हसू आलं."