बिसनभाऊची फिलिम

बिसनभाऊ नव्या माणसाला भेटला की नमस्कार वगैरे भानगडीत न पडता थेट त्याची हनुवटी धरायचा. तोंड उजेडाकडे फिरवायचा आणि हळहळायचा, "अरेरे! चेहरा वाया जाऊन राहिला तुमचा!" लाखनीच्या शाळेत बदलून आलो त्याच दिवशी त्याने माझा निकाल लावला. "गुर्जी, तुमी पैदाइशी डाकू आहा!" आमचे हेडमास्तर खो खो हसले. लगेच त्यांची हनुवटी धरली गेली आणि त्यांना वाघाचं काम मिळालं.

हा माझा शेजारी. मंडपाचं आणि भोंग्यांचं दुकान चालवायचा. धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं रंगतात, त्यांत हा वर्षानुवर्षं राजा. पण सत्तरचं दशक सरता सरता त्याच्या डोक्यात फिलिम शिरली. नाव ठरलं 'रानातली माय'. एक कुटुंब जंगलात राहायला जातं, पोरगी हरवते, आई रान पालथं घालून तिला शोधते. मग वाघ, डाकू आणि शेवटी बापाचं मरण. बाप अर्थातच बिसनभाऊ.

"घरगुती फिलिम आहे, गुर्जी. पर बंगला कायले पायजे? जंगल फुकट आहे!"

आईच्या कामाला बाई मिळेना. नाटकात आई होणारा गडी मिशी उतरवायला तयार होता, पण बिसनभाऊने आपल्या बायकोलाच उभं केलं. कौसावहिनी चार माणसांत तोंड उघडत नसत. लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बारशाचं आमंत्रण यायचं, पण पाळण्याजवळ त्यांना कोणी बोलवायचं नाही, तान्हं हातात द्यायचं नाही. मला या रीतीचा संताप यायचा. त्या मात्र मुकाट्याने भिंतीला टेकून बसायच्या.

"वहिनींना जमेल?" मी विचारलं.

"काहून नाही जमन?" तो उसळला.

हरवणारी पोरगी म्हणून शेजारच्या गावातली चार वर्षांची चिमी आली. सोबत तिची आजी, डोळ्यांत तेल घालून. आजीने आल्या आल्या वहिनींसमोरच बजावलं, "काम करन माही नात, पर उगीच मांडीवर घेऊन बसू नोका."

वहिनींनी मान खाली घातली. बिसनभाऊ म्हणाला, "फिलिममंदी घ्याच लागते, आजी!"

शूटिंगचा दिवस उजाडला. नागपूरहून भाड्याचा कॅमेरा, कॅमेरावाला आणि मोजकी रिळं आली. पण बिसनभाऊने आदल्या दिवशी गावोगाव भोंगा फिरवला होता! शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, जावं तशी माणसं बैलगाड्या जुंपून, भाकरी बांधून जंगलात हजर. कॅमेरावाल्याने कपाळावर हात मारला. मी कोळशाची मिशी लावून, लाकडी बंदूक घेऊन तयार.

मायलेकीच्या भेटीचा सीन लागला. सागाच्या झाडांतून वहिनी धावत आल्या. चिमी "माय!" म्हणून झेपावली. वहिनी पाठ केलेलं वाक्य विसरल्या. त्यांनी पोरीला नुसतं घट्ट धरलं. शिट्ट्या, टाळ्या आणि एकच गर्जना: "वन्स मोअर!"

आता, झाडीपट्टीत वन्स मोअर आला की तो द्यायचाच. मेलेला राजासुद्धा उठून पुन्हा मरतो. बिसनभाऊचं रक्त उसळलं. "पब्लिकची मर्जी!" म्हणत त्याने सीन पुन्हा घेतला. मग आणखी एकदा. मग आणखी.

कॅमेरावाला ओरडला, "भाऊ, रीळ खतम होईल! वाघ बाकी आहे, डाकू बाकी आहे, तुम्ही मरायचे बाकी आहात!"

दुपारी पब्लिक भाकरीची गाठोडी सोडून जेवायला बसलं. शेवटचं रीळ चढलं. आता माझा नंबर, म्हणून मी मिशी नीट केली. तेवढ्यात झाडाआडून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

तो बिसनभाऊचाच होता.

मी तणतणत त्याच्याकडे गेलो. "अहो, या खेपेला कोणी म्हटलंच नाही!"

तो वहिनींकडे पाहत होता. त्या चिमीच्या केसांत अडकलेलं पान काढत हसत होत्या. त्याचे डोळे भरलेले.

"मी म्हनलो ना, गुर्जी. मी पब्लिक नोहो का?"

माझा राग पार विरघळला. बंदूक खाली ठेवली आणि मीही जोरात ओरडलो, "वन्स मोअर!"

रीळ संपलं. वाघ आला नाही, डाकू आला नाही, बाप जिवंत राहिला.

सामान गाडीत चढलं तेव्हा चिमी वहिनींच्या खांद्यावर झोपली होती. आजी पुढे झाली, दोन्ही हात पसरले. वहिनी लगबगीने पोरीला सोडवू लागल्या. आजी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि तिने हात मागे घेतले.

"राहू दे, माय. गाव येतवरी घेऊन बस."

बिसनभाऊ गाडीत चढला नाही. बैलांच्या पुढे चालत तो वाटेतले गोटे बाजूला करत होता. मी "बसा की वर" म्हणालो, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि पुढचा गोटा उचलला.