गेनू अस्वलाचं वाळूक आणि शुद्ध पाणी

एका जंगलात, बाळांनो, नळ आला होता. जंगलात नळ कसा, असं विचारू नका. येतो. आधी उद्घाटन येतं, मग नळ येतो, आणि फार दिवसांनी पाणी येतं. इथं पाणीसुद्धा आलं होतं.

त्या नळाजवळ गेनू अस्वल राहायचा. स्वभावानं गरीब. त्याच्या आईनं जाताना त्याला वाळकाचं बी दिलं होतं. वाळूक म्हणजे काकडीच्या जातीचं, पण वास असा की वाटसरू थांबावा. त्या जंगलात दुसऱ्या कुणाकडं ते नव्हतं. आई दरसाल पहिलं फळ बियाला राखायची, बी राखेत घोळून ठेवायची. गेनूकडं शेवटचे तीन दाणे उरले. दोन उंदरानं नेले. एक रुजला.

म्हणजे बघा, हा एवढा वेल गेला की आईचं वाळूक जगातून गेलं.

गेनू वेलाला नळाचं पाणी घालायचा. वेल मांडवाला लागला. पिवळी फुलं धरली.

एक दिवस फिल्टरवाले कोल्हेसाहेब आले. त्यांनी वेलाकडं पाहिलंच नाही. बादली पाहिली. बादलीच्या कडेला पांढरा थर होता.

“गेनूभाऊ, हे काय?”

“क्षार हाय साहेब. नळाचं पाणी जड हाय.”

“आणि हे तुम्ही आईच्या वेलाला पाजता?”

गेनूनं बादली पाठीमागं लपवली.

साहेबांनी फिल्टर बसवून दिला. वरून चार घागरी ओतायच्या, खाली एक घागर शुद्ध पाणी. बाकी तीन घागरी नळीतून मागच्या अंगाला वाहून जायच्या. शुद्ध पाणी वेलाला. गेनू आणि त्याची पिल्लं नळाचंच प्यायची. शुद्ध पुरत नव्हतं ना.

गेनूचं बघून हरणानं फिल्टर घेतला. माकडानंही घेतला. माकडाकडं साधी कुंडीसुद्धा नव्हती. पण मागं कोण राहील?

पंधरा दिवसांत वेल पिवळा पडला. फुलं गळली. पानं कडेनं वाळली.

शेजारची साळूमावशी, म्हणजे साळिंदर हो, कुंपणावरून म्हणाली, “गेन्या, जरा मागं जाऊन बघ. टाकलेल्या पाण्यावर तरोट्याचं तण कमरेएवढं माजलंय. तेच पाणी घाल की वेलाला!”

“मावशी, ते घाण पाणी हाय.”

“तरोट्याला कुणी सांगितलं नाही वाटतं.”

गेनू साहेबांकडं गेला. साहेब हसले. “तरोटा अडाणी आहे. त्याला काहीही चालतं. तुमचा वेल सुधारतोय, म्हणून नाजूक झालाय. शुद्ध पाण्यात क्षार नसतात ना, तेव्हा ही पुडी घालत जा.”

“कसली साहेब?”

“क्षारांची.”

पुडीत पांढरी पूड होती. गेनूनं ती चिमटीत धरली. बादलीच्या कडेला असायची तीच.

आता मात्र गेनूला सगळं कळलं. अस्वलाला उशिरा कळतं, पण कळतं. घरी येऊन त्यानं नळावर घागर भरली आणि वेलाशी गेला. शेंड्याला एक पान अजून हिरवं होतं.

तेवढ्यात माकड आणि आणखी चौघांना घेऊन हरीण आलं. “गेनूदादा, थांबा! तुमचं बघून आम्ही घेतलं. आता तुम्हीच नळाचं घालणार? मग आम्ही काय खुळे?”

“सगळे बघतायत हं दादा,” माकड म्हणालं.

गेनूनं पानाकडं पाहिलं. मग लोकांकडं पाहिलं. घागर जड होती, बाळांनो.

मग त्यानं ती खाली ठेवली. “छे छे,” तो म्हणाला, “मी तर पाय धुवायला आणलं.”

आणि त्यानं सगळ्यांदेखत पाय धुतले. वेलापासून चांगले चार हात लांब.

तिसऱ्या दिवशी ते पान गळलं.

आठवड्यानं सत्कार झाला. कोल्हेसाहेबांनी गेनूला शाल दिली, नारळ दिला. भाषणात म्हणाले, “वेल गेला. पण जाताना त्याच्या मुळाशी अशुद्ध पाण्याचा एक थेंब नव्हता!”

टाळ्या झाल्या. साळूमावशीनं वाजवल्या नाहीत. काटे अडतात, म्हणाली.

तात्पर्य : बाळांनो, झाडाला पाणी कुठलंही घाला, पण चूक कळली तर चारचौघांत सुधारू नका. झाड वाळलं तर सत्कार होतो. चूक कबूल केली तर लोक हसतात. आणि लोकांच्या हसण्यावर अजून फिल्टर निघालेला नाही.