देशातलं सर्वांत उबदार गाव

आमच्या घरात निर्णय बायको घेते आणि मी त्यांना पाठिंबा देतो. अकरा वर्षं हा संसार असा सुरळीत चाललेला असताना, यंदाच्या थंडीत एका सकाळी तिच्या मनात काय आलं कोण जाणे. धाकट्याच्या पायात मोजे चढवता चढवता ती म्हणाली, "या सुट्टीत कुठे जायचं ते तू ठरव."

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"मी?"

"हो, तूच. मला फक्त एकच हवंय. सात दिवस माझी पोरं मला मोज्यांशिवाय बघायची आहेत. हा गुंडू जन्मल्यापासून उघडा बघितलाय तो फक्त आंघोळीत, तोही वाफेतून. भिंगरीला तर वाटतं, माणसाची बोटं लोकरीचीच असतात."

भिंगरी म्हणजे आमची साडेचार वर्षांची मुलगी. गुंडू आठ महिन्यांचा. एवढं लहान पोर घेऊन परदेशात वगैरे जाण्याचा प्रश्नच नव्हता. देशातल्या देशात, बसने एका दिवसात पोहोचता येईल अशी उबदार जागा हवी होती.

"आणि समज, फसलं तर?" मी सावधपणे विचारलं.

"फसलं तर यापुढे या घरात तू पडद्याचा रंगसुद्धा ठरवायचा नाहीस."

बायको दातांची डॉक्टर आहे. ती एकदा बोलली की समोरच्याने आ करायचा, एवढंच उरतं.

आता माझा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो फ्रीज विकतो. (आमच्या हवेत फ्रीज विकणारा माणूस काय चीज असेल, तुम्हीच ठरवा.) त्याने लगेच फोन केला. "भावोजी, डोकं चालवू नका. समुद्रावर जा. सगळे जातात."

"सगळे जातात म्हणून आपण जायचं?" मी म्हणालो. "अरे, मी हवामान खात्यातला माणूस आहे. मला कुठे ऊन आहे ते तू सांगणार?"

हे मात्र खरं आहे. मी हवामान खात्याच्या मुख्य कार्यालयात तपासनीस आहे. तपासनीस म्हटलं की लोकांना वाटतं, मी गच्चीवर उभा राहून ढग तपासत असेन. तसं काही नाही. देशभरात आमच्या एकशे बारा पांढऱ्या लाकडी पेट्या आहेत. प्रत्येक पेटीत तापमापक असतो. गावातलाच कुणीतरी हौशी माणूस रोज तो बघतो, आकडा वहीत लिहितो आणि महिन्याला वही आमच्याकडे पाठवतो. मी ती वही तपासतो. म्हणजे बेरीज बरोबर आहे का, खाडाखोड आहे का, अक्षर लागतं का, हे बघतो. बाहेर हवा कशी आहे हे बघायला आमच्या खोलीला खिडकी नाही.

त्या दिवशी मी सगळ्या वह्या काढल्या, सरासरी मांडली आणि बाराच्या आत निकाल हातात होता. केंद्र क्रमांक सतरा! डोंगरातलं एक लहानसं गाव, आणि ऐन थंडीत सरासरी सव्वीस अंश. समुद्रसुद्धा बावीसच्या वर जात नव्हता. शिवाय सतरा नंबरची वही म्हणजे माझी सगळ्यांत लाडकी वही. चार वर्षांत एक खाडाखोड नाही. मोत्यासारखं अक्षर. प्रत्येक पानाखाली पट्टीने आखलेली रेघ. असा माणूस चुकेल?

शेजारच्या टेबलावरचा सहकारी डोकावून म्हणाला, "अहो, पण सतरापासून दहा मैलांवर अठरा नंबर आहे. तिथे चार अंश दिसतंय."

"अठराचं अक्षर बघा," मी म्हणालो. "कोंबडीच्या पायासारखं. अशा माणसाचा आकडा कोण धरतो?"

त्याला ते पटलं. (तोही तपासनीसच आहे.)

घरी जाऊन मी घोषणा केली. बायको बॅगेत स्वेटर भरत होती, ते मी एकेक करून बाहेर काढले. "अगं, सव्वीस अंशाला स्वेटर? लोक हसतील!" कानटोप्या काढल्या, मोजे काढले, गुंडूची दुलई काढली. बॅग इतकी हलकी झाली की मला स्वतःचं कौतुक वाटलं. बायको म्हणाली, "नक्की ना?" मी म्हणालो, "सरकारी आकडा आहे."

दुपारी तीन वाजता आम्ही अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत सतरा नंबरच्या गावी बसमधून उतरलो. उतरलो आणि तसेच उभे राहिलो, कारण दात वाजत असताना चालता येत नाही, हा शोध आम्हाला तिथे लागला. रस्त्याकडेच्या डबक्यावर बर्फाचा पापुद्रा होता. भिंगरीने त्यावर पाय दिला. तो फुटला आणि तिला फार आवडला. बायकोला नाही आवडला.

समोरच हॉटेल होतं. दारावर भली मोठी पाटी होती : 'देशातलं सर्वांत उबदार गाव आपलं स्वागत करत आहे.' पाटीखाली व्यवस्थापक उभा होता. त्याने एकावर एक दोन कोट घातले होते.

"इथे थंडी आहे हो!" मी म्हणालो.

"छे, छे. सरकारी आकडा सव्वीस आहे."

"अहो, तुम्ही स्वतः दोन कोट घातलेत!"

"मी खासगी माणूस आहे."

"बरं, खोलीत हीटर तरी लावा."

"हीटर?" तो दुखावल्यासारखा बोलला. "देशातल्या सर्वांत उबदार गावात हीटर ठेवला तर लोक काय म्हणतील?"

खोलीत गेल्यावर गुंडूला माझे तीन शर्ट गुंडाळले. भिंगरीला माझ्याच पायातले मोजे काढून चढवले, ते तिच्या मांडीपर्यंत आले. बायको काहीच बोलत नव्हती. ती ओरडते तेव्हा मला भीती वाटत नाही, पण गप्प बसते तेव्हा मी मनातल्या मनात माफीच्या अर्जाचा मसुदा करायला घेतो. त्या गप्पपणात मला आमच्या घरचे पडदे दिसायला लागले. खरं सांगतो, पडद्यांचं मला काही नव्हतं. पण गुंडूच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि तो मी केला होता.

"चल," ती शेवटी म्हणाली. "तो मोत्यासारख्या अक्षराचा माणूस कुठे राहतो, ते बघू या."

व्यवस्थापकाने सांगितलं, हवामानाची पेटी बेकरीच्या मागे आहे. आम्ही चौघं वाऱ्याला पाठ देऊन, जवळजवळ उलटे चालत बेकरीपर्यंत गेलो. मी दार ढकललं आणि अहाहा! आतून अशी ऊब अंगावर आली की गुंडूने चक्क एक जांभई दिली. आत एक अगडबंब बेकरीवाला अनवाणी, अर्ध्या चड्डीत, घामाने निथळत पाव काढत होता.

मी खिशातून ओळखपत्र काढलं. "मी हवामान खात्याच्या मुख्य कार्यालयातून..."

पुढे त्याने बोलूच दिलं नाही. हातातलं पाव काढायचं लाकडी फावडं टाकून तो आत तोंड करून ओरडला, "अगं ए! आले! चार वर्षांनी आले गं साहेब!"

आतून त्याची बायको पिठाचे हात घेऊन धावत आली. "आले? कुटुंबाला घेऊन आले? बघा, मी म्हणत नव्हते, सरकार एक दिवस दखल घेणार?"

"कसली दखल?" माझी बायको म्हणाली.

"पेटीची हो, ताई! या, दाखवतो."

मागच्या अंगणात माझी पांढरी पेटी होती. तिच्या पाठीला बेकरीच्या भट्टीची भिंत टेकलेली. भिंतीला हात लावला, तो झटकन काढून घ्यावा लागला.

"पेटी आधीची आहे," बेकरीवाला म्हणाला. "चार वर्षांमागे मी भट्टी वाढवली, ती थेट पेटीला येऊन भिडली. तेव्हापासून ओरडतोय, साहेब, हा आकडा हवेचा नाही, पावाचा आहे! पण सरकारी वस्तू. हुकमाशिवाय खिळा कसा काढणार?"

"मग कळवायचं नाही का?" मी जरा अधिकाराने म्हणालो. (कधी गप्प बसावं हे मला आयुष्यात कळलेलं नाही.)

"कळवलं की! नऊ पत्रं घातली. नऊही वेळा उत्तर आलं."

त्याने आतून फाईल आणली. ती मी घेणार इतक्यात बायकोने घेतली. पहिलंच उत्तर तिने मोठ्याने वाचलं. "'आपले पत्र मिळाले. आपले हस्ताक्षर सुवाच्य असून नोंदी निर्दोष आहेत. पेटी आहे तेथेच राहू द्यावी.'"

तिने बोट पानाच्या तळाशी नेलं.

"खाली सही आहे," बायको म्हणाली.

"कुणाची आहे ते लागत नाही," मी घाईघाईने म्हणालो.

"मला लागते. आपल्या लग्नाच्या दाखल्यावर हीच आहे."

आता संपलं, असं मला वाटलं. मी खाली मान घातली. पण हळूच वर पाहिलं, तर बायको माझ्याकडे बघतच नव्हती. ती उघड्या दारातून आत बघत होती. आत भट्टीसमोरच्या गरम फरशीवर भिंगरीने माझे मोजे काढून भिरकावले होते आणि ती पिठात अनवाणी नाचत होती. प्रत्येक उडीला पायाची दहा बोटं उमटत होती आणि ती ओरडत होती, "आई, बघ माझी बोटं! बघ ना! हलतात!"

बायको आत गेली. तिने गुंडूचा पहिला शर्ट काढला, मग दुसरा, मग तिसरा. गुंडू उघडाबंब फरशीवर पालथा पडला आणि खिदळायला लागला. ती खाली बसली आणि तीही हसायला लागली. इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मलाही आलं, पण मी म्हणालो की धूर आहे.

बेकरीवाल्याच्या बायकोने हे पाहिलं आणि हुकूमच सोडला. "त्या हॉटेलात कशाला मरायला राहता? भट्टीच्या बरोबर वर आमच्या लेकीची खोली आहे. ती शिकायला गेलीय. सामान आणा."

ते सात दिवस काय सांगू तुम्हाला! खोलीची जमीन सतत कोमट. सकाळी डोळे उघडायच्या आधी नाकाला पाव कळायचा. भिंगरी रोज एक पाव करायची, त्याला ती कधी हत्ती म्हणायची, कधी मामा. गुंडू तिथेच रांगायला शिकला, कारण शेजारी पिठाची रास होती आणि त्याला ती गाठायची होती. बायकोने बेकरीवाल्याची दुखरी दाढ बघितली आणि दुपारभर त्याच्या बायकोशी गप्पा मारल्या. मला ट्रे घासायला दिले होते. मी सुखी होतो. मोजे कुणाच्याही पायात नव्हते.

चौथ्या दिवशी मी पाप धुऊन काढायचं ठरवलं. रीतसर हुकूम लिहिला, सही ठोकली आणि बेकरीवाल्याबरोबर पेटी उचलून गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर नेऊन बसवली. तापमापक सव्वीसवरून उतरत उतरत तीनवर येऊन थांबला. बेकरीवाल्याने माझा हात धरला आणि तो सद्गदित होऊन म्हणाला, "साहेब, आज खरा आकडा लिहितो."

परत आलो तर कार्यालयात आणखी नवल. बेकरीवाल्याचं आभाराचं पत्र माझ्याआधी पोहोचलं होतं. वरिष्ठांनी बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली.

"सुट्टीत, स्वखर्चाने, मुलाबाळांना घेऊन पेटीची तपासणी?" ते उठून उभे राहिले. "असा माणूस खात्यात आहे हे मला माहीतच नव्हतं! हे सात दिवस कामाचे धरा. तुमची रजा परत."

मी घरी अक्षरशः पळत गेलो. "सात दिवस परत मिळाले! बोल, कुठे जायचं?"

बायकोने तोंड उघडायच्या आत भिंगरी ओरडली, "भट्टीवर!"

"भट्टीवरच," बायकोही म्हणाली. माझी छाती कशी फुगली म्हणून सांगू! माझा निर्णय! अकरा वर्षांतला पहिला, आणि तोच पुन्हा हवा! मेहुण्याला फोन करून हे कळवायचंच, असं मी ठरवत होतो, तोवर बायकोने बेकरीवाल्याच्या बायकोला फोन लावला होता.

"हं... हं... हो का?... अगं बाई!... कोण, ते दोन कोटवाले?... रोज?... बरं, सांगते हं."

तिने फोन ठेवला. "खोली तयार आहे. कधीही या म्हणाल्या. मला आणि पोरांना."

"आणि मी?"

"तुझ्या हुकमानंतर गावाचा नंबर पहिला होता तो एकशे नववा झाला. हॉटेलची पाटी उतरवावी लागली. पाहुणे बंद. व्यवस्थापक रोज बसथांब्यावर उभा असतो आणि उतरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा निरखून बघतो, पेटी हलवणारे साहेब आले का म्हणून. सोबत गावातले चारपाच जण असतात. बेकरीवाले म्हणतात, साहेब आम्हाला देवासारखे आहेत, पण सगळं गाव एकीकडे, आम्ही दोघंच."

"मग?"

"तुला अगदीच यायचं असेल तर त्यांना दाढी वाढवायला लावून आणा म्हणाल्या. ओळखू येणार नाही इतकी."

मंडळी, बायको-पोरं गेल्या महिन्यात जाऊन, गालांवर लाली घेऊन परतसुद्धा आली. माझी दाढी अजून चालू आहे. रोज सकाळी बायको दोन पावलं मागे सरते, मान तिरकी करून मला नीट निरखते आणि म्हणते, "नाही रे. अजून तूच दिसतोस."