ओलांडणाऱ्यांची मोजणी

शिंपीणबाईंची आई रस्त्याच्या अलीकडे राहायची आणि मावशी बरोबर पलीकडे. मावशीनं अंथरूण धरलं होतं, म्हणून आई काठी टेकत रोज तिच्याकडे जायची. रस्त्यावर वेगमर्यादेची पाटी ऐंशीची होती. आई निम्म्यात पोचेपर्यंत वळणावरून गाडी अंगावर आलेली असायची. शेवटी शिंपीणबाई शिवण बाजूला ठेवून रस्ते खात्यात गेल्या.

"साहेब, ऐंशीचे चाळीस करा. नाहीतर आई जाईल एक दिवस."

"बाई, मर्यादा अशी कुणाच्या सांगण्यावरून ठरत नाही," साहेब म्हणाले. "लोक ज्या वेगानं जातात तो मोजायचा आणि तीच मर्यादा ठेवायची."

"आणि लोकच चुकत असले तर?"

"सगळेच कसे चुकतील हो?"

रस्त्यावर गाड्यांचा वेग मोजणारी रबरी नळी आडवी पडली. शिंपीणबाईंनी घरोघर जाऊन सगळ्यांना सावकाश चालवायची गळ घातली. आकडा चाळीस आला की पाटीही चाळीसची, असा त्यांचा साधा हिशेब. गॅरेजवाल्या भावानं ट्रॅक्टर पुढे काढला आणि मागे दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे रांगत राहिले.

साहेब खूश झाले. "बघा, लोक आपणहून चाळीसनं जातात! मग पाटी बदलायची कशाला?"

भावाचं डोकं सटकलं. "ताई, पुन्हा मोजायला लाव. धोका काय असतो ते दाखवतोच यांना!"

दुसऱ्या मोजणीला त्यानं गॅरेजमधल्या गिऱ्हाइकांच्या गाड्या अशा पिटाळल्या की मावशीचं कुंपणच उडालं. आकडा शंभराला टेकला. आठवड्याभरात पाटी बदलली, शंभरची.

"लोकांचा कल दिसला," साहेब म्हणाले.

कुंपण उडताना आईनं खिडकीतून पाहिलं होतं. तिनं जी हाय खाल्ली, ती पुन्हा उंबऱ्याबाहेर पडली नाही. मावशीची खाट खिडकीशी ओढली आणि दोघी बहिणी आपापल्या खिडकीतून एकमेकींना हात करायच्या. मावशी काहीतरी ओरडायची, पण मधून गाडी जायची.

शिंपीणबाईंनी पुन्हा खात्याचा उंबरा झिजवला. खात्याला माणसांची कीव आली आणि या वेळी ओलांडणाऱ्यांची मोजणी ठरली. एक कारकून झाडाखाली खुर्ची टाकून बसला. दिवसभर कुणी ओलांडलं नाही. ओलांडणारी एकटीच होती आणि ती खिडकीत बसून त्याच्याकडे बघत होती.

"अभिनंदन, बाई!" साहेब उठून उभे राहिले. "या रस्त्यावर कुणाच्याच जिवाला धोका नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मावशी गेली. अंत्ययात्रेसाठी पोलिसानं दोन्हीकडच्या गाड्या अडवल्या. आई निघाली. मधोमध थांबली, दम खाल्ला, पदर सावरला आणि पलीकडे पोचली. कुणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

"एवढंच होतं होय," ती लेकीला म्हणाली, "मग ती असताना का नाही थांबवल्या गं?"

खात्याची मोजणी आधीच संपलेली होती, त्यामुळे आईचं ते ओलांडणं कुठंच धरलं गेलं नाही.