दारालगतची फळी

पगारेमामा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. एकदा पंचवटीच्या भाजीबाजारात ते मेथीच्या ढिगापुढे उकिडवे बसले होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, तर मान वर न करता म्हणाले, "काय भाऊसाहेब, डावी टाच लय झिजली की!"

मामा आमच्या क्लबातल्या बॅडमिंटन हॉलचे राखणदार. हॉलला सागवानी फळ्यांची जमीन होती आणि सत्तरच्या दशकातल्या नाशकात ती मिरवण्यासारखी गोष्ट होती. वर्गणी आम्ही भरायचो, पण जमीन मामांची. आत शिरलं की दाराजवळच्या बाकावरून हुकूम सुटे, "तळ दाखवा." मग घोड्याला नाल ठोकताना उचलतात तसा एकेक पाय उचलून बुटाचा तळ दाखवायचा. खडा सापडला तर मामा तो दाभणाने उकरून काढत. एका बड्या अधिकाऱ्यालाही त्यांनी असंच एका पायावर उभं केलं होतं. "लाकूड हाय साहेब, दगड नाय," एवढंच स्पष्टीकरण.

पाणी तर त्या जमिनीच्या दृष्टीलाही पडता कामा नये. नव्या झाडूवाल्याने एकदा बादली आणली, तर मामा दारात आडवे झाले. रोज मऊ केरसुणी, मग कोरडं फडकं, आणि महिन्यातून एकदा तेलाचा नुसता हात फिरवलेलं फडकं. इगतपुरीच्या बाजूने ढग सरकले की खिडक्या बंद. आत आम्ही घामाने निथळायचो आणि मामा आमच्यामागे धावत घाम टिपायचे. आमचा नव्हे, जमिनीवर पडलेला.

अशा माणसाच्या राज्यात दारालगतची एक फळी मात्र करकरायची. तिच्यावर पाय पडला की मामा झटकन वर बघत, थेट चेहऱ्याकडे. बस, तेवढंच. लगेच मान खाली.

"मामा, तेवढी फळी आवळून घ्या," आमचे सेक्रेटरी सारखे सांगत.

"पावसाळा जाऊ द्या, लाकूड फुगलंय."

पावसाळा जाई. "थंडी जाऊ द्या, आता आकसलंय."

मामांना आता काम होत नाही, अशी मी चारचौघांत टिंगल केली. आज त्याची लाज वाटते.

एकदा मामा दोन दिवस पेठला बहिणीकडे गेले आणि सेक्रेटरींनी सुतार बोलावून फळी घट्ट बसवून टाकली. मामा परतले त्या संध्याकाळी मी जरा लवकर पोचलो. ते दारातच बसले होते, हातात स्क्रू ड्रायव्हर. सुताराने मारलेले स्क्रू उपसून काढत होते. हात निसटला आणि सागवानावर बोटभर ओरखडा उठला. मामांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी घाबरलो.

"मामा, अहो जमीन!"

"राहू द्या." ते थांबले. "आमचा पोरगा अशोक इगतपुरीला रेल्वेत लागला ना, पहिल्याच सुट्टीला मला भेटाया आला. नवे सरकारी बूट घालून. मी हितंच वाकून पुसत होतो. फळी वाजली. मी बघितले ते बूट. वळखीचे नव्हते. वर न बघताच वरडलो, कोण रे तू, चल हो बाहेर! वर बघितलं तवा तो फाटकाच्या बाहेर. पाठ दिसली फक्त."

"मग?"

"तीन वरसं झाली. पत्रं टाकली, उत्तर नाय. तिथं जाऊन आलो, तर कामावर हाय म्हणून निरोप धाडला."

इगतपुरी म्हणजे गाडीने अशी कितीशी लांब! मला फार वाईट वाटलं.

"आला तर ह्याच फळीवर पाय देईल," मामा म्हणाले. "वाजली नाय तर मी परत खालीच बघत बसंन."

शेवटचा स्क्रू निघाला. "चालून बघा जरा," असं म्हणून ते बाकावर जाऊन बसले आणि मान खाली घातली.

मी बाहेर गेलो आणि पुन्हा आत आलो. फळी करकरली. मामांनी झटकन वर बघितलं. मीच येणार हे ठाऊक असूनही त्यांचा चेहरा क्षणभर उजळला होता.

मग मान खाली गेली. "तळ दाखवा," ते हळूच म्हणाले.