अण्णा आणि दुसरा गिअर

आमच्या सोसायटीतले काळोखे अण्णा तुमच्या घरी पहिल्यांदा आले, तर आधी दाराची कडी धरून हलवतील. मग खुर्ची हलवतील. मग बसतील. चहा आला की कपाचा कान चिमटीत धरून तोही हळूच हलवतील आणि तुमच्याकडे सहानुभूतीने बघत म्हणतील, "प्ले हाय." प्ले म्हणजे जोडणीतला नसता ढिलेपणा. पिंपरीच्या एका कंपनीत, गिअर शॉपमध्ये, अण्णांची सगळी नोकरी गेली. त्यामुळे जगात कुठे किती प्ले आहे हे तपासल्याशिवाय त्यांच्या जिवाला स्वस्थता नाही. माझ्या मेव्हणीला बघायला आलेल्या मुलाशी त्यांनी हात मिळवला, त्याचं मनगट जरा फिरवलं आणि मला बाजूला घेऊन तेच सांगितलं. लग्न ठरलं आणि नीट पारही पडलं, पण तोवर माझी झोप उडाली होती.

मी मुळातच घाबरट माणूस. चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला आहे, आणि गॅस बंद केला का हे बघायला मोशीपासून परत फिरल्याचे प्रसंग माझ्या नावावर आहेत. अशा माणसाच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये देवाने अण्णांना ठेवावं, ही चेष्टाच म्हणायची. माझी काळजी जिथे दमते तिथून अण्णा ती पुढे नेतात.

अण्णांच्या बायको, आमच्या काकू, गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी अण्णांनी लिलावात एक फौजी ट्रक घेतला. फौजेतून कधीच बाद झालेला, माझ्याहून वयाने मोठा, बसक्या नाकाचा आणि जागोजागी गंजलेला. तो दुसऱ्या गाडीवर चढून आला आणि आमच्या पाण्याच्या टाकीमागे उतरला. लोक म्हणाले, अण्णांचं डोकं फिरलं. नाशिकहून त्यांच्या मुलीचा मला फोन आला, "काका, बाबांना समजवा हो." मी समजवायला म्हणून गेलो आणि संध्याकाळी त्या ट्रकखाली पाठीवर पडून बॅटरीचा उजेड धरत होतो. तेव्हापासून माझे रविवार तिथेच जायला लागले. अण्णा स्टोव्हवर चहा करायचे, मी पाने पुसून द्यायचो, जाणारायेणारा दोन मिनिटं थांबून सल्ला देऊन जायचा. दोन वर्षांत इंजिन सुरू झालं, ब्रेक लागले, रंग झाला. अडलं ते एका ठिकाणी. गिअरबॉक्समधल्या दुसऱ्या गिअरचे दात तुटलेले होते, आणि तसा गिअर मिळत नव्हता.

यंदा पाडवा जवळ आला तशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली. पाडव्याच्या मुहूर्तावर काही सभासदांच्या नव्या गाड्या येणार, जागा हवी, तेव्हा ट्रक त्याच्या आत हलवावा. नाहीतर भंगारवाला गॅस कटर घेऊन येईल. अण्णांच्या मेव्हण्याची चाकणच्या पुढे शेती आहे. त्यांनी शेड द्यायचं कबूल केलं, पण अटीवर. ते म्हणाले, "दाजी, चालत आली तर ठिवतो. वढत आनली तर न्हाई. माझ्या वावरात मढं नगं."

मी अण्णांना भीत भीत विचारलं, की दुसऱ्याशिवाय नाही का जाता येणार? पहिल्यातून सरळ तिसरा टाकायचा. अण्णांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. एवढं धूड पहिल्यात नुसतं रांगणार, आणि त्या वेगात तिसरा टाकला तर जागेवर बंद पडणार. वर रस्ता चाकणचा. तिथे गाडीचं सगळं आयुष्य दुसऱ्या गिअरमध्येच जातं, हे रोज तासन्‌तास कंपनीच्या बसमध्ये बसणाऱ्या मला कुणी सांगायला नको होतं.

मग शोध सुरू झाला. नमुना म्हणून अण्णांनी तो तुटका गिअर बाहेर काढला, तेलाचं फडकं गुंडाळलं आणि आमच्या हिने दिलेल्या साडीच्या दुकानाच्या पिशवीत ठेवला. ती पिशवी ते घडीभर खाली ठेवीनात. आम्ही कुदळवाडीची भंगारची दुकानं पालथी घातली, निगडीला ट्रकवाल्यांकडे गेलो, खेडपर्यंत जाऊन आलो. दुकानदार एखादा गिअर पुढे करायचा, अण्णा डोळे मिटून अंगठ्याने एकेक दात मोजायचे. जप चालल्यासारखं वाटायचं. शेवटी डोळे उघडून म्हणायचे, "एक दात जास्त हाय." दुकानदार म्हणायचा, एका दाताने काय होतंय? त्यावर अण्णा त्याला आपल्या तोंडातली एक फट दाखवायचे आणि उठायचे.

भोसरीतले एक कारखानदार नवीन बनवून द्यायला तयार होते, पण त्यांच्याकडची कटरं मिलिमीटरच्या मापाची आणि हा गिअर जुन्या इंचाच्या हिशेबातला. बसला असता, पण दात नीट न जुळल्याने फिरताना रडला असता. पाडवा जवळ येत चालला तशी अण्णांची भाकरी कमी होत गेली. सकाळी मी कामावर निघताना ते गॅलरीत उभे असायचे आणि फक्त नजरेने विचारायचे, काही कळलं का. ट्रक माझा नव्हता, तरी गॅस कटरचा आवाज मला जेवताना ऐकू यायला लागला होता.

अशात मेव्हण्यांच्या नात्यातलं एक लग्न आलं, चाकणजवळच्या मंगल कार्यालयात. वऱ्हाडात जुन्नरकडचा कुणी जुना ट्रकमिस्त्री येणार असल्याची बातमी होती, म्हणून अण्णा निघाले आणि मला घेऊन गेले. पिशवी अर्थात बरोबर होती. दारातच नवरीच्या एका मावशीने नमस्कार केला, अण्णांच्या हातातली साडीच्या दुकानाची पिशवी पाहिली आणि "अगंबाई, कशाला एवढं जड आणलंत," म्हणत घेऊन टाकली. अण्णा मिस्त्रीला शोधायच्या नादात. त्यांनी हात सैल सोडला. मला वाटलं, मावशी ओळखीच्या असतील, सांभाळायला घेतली.

मिस्त्री आलेच नव्हते. अक्षता पडल्या आणि अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "पिशवी?" एवढंच म्हणाले. आम्ही आहेराच्या टेबलाकडे धावलो. तोवर मिक्सरची खोकी, साड्या, समया, सगळा आहेर पोत्यात भरून टेम्पोत चढला होता आणि टेम्पो गेला होता. नमुना गेला म्हणजे शोधच संपला, कारण मोजायचं काय आणि जुळवायचं कशाशी? पंगतीत अण्णांनी जिलबीला हात लावला नाही. त्यांनी टेबलही हलवून पाहिलं नाही, तेव्हा मी खरा घाबरलो.

दोन-तीन दिवसांनी मेव्हण्यांच्या मार्फत फोन आला. नवरीचे चुलते, चाकणच्या मार्केटातले कांद्याचे व्यापारी, संतापले होते. लग्नात दात पडलेला गेर आहेर म्हणून कोण देतं, असं त्यांचं म्हणणं. घरात आजीने करणी झाल्याचं जाहीर केलं होतं आणि बायका हवालदिल झाल्या होत्या. आम्ही पहिल्या बसने चाकण गाठलं. व्यापाऱ्यांच्या अंगणाच्या कडेला, घरापासून जितका लांब ठेवता येईल तितका लांब, आमचा गिअर उपड्या पाटीखाली झाकलेला होता. पाटीवर लिंबू, मिरच्या आणि बिब्बा. अण्णांनी हे सगळं बाजूला केलं, गिअर उचलला आणि धोतराच्या सोग्याने पुसत उभे राहिले. रडायचेच बाकी होते.

त्यांना तसं बघून शेठ जरा निवळले. ही कसली वस्तू, कुठल्या गाडीची, असं विचारलं. अण्णांनी सांगितलं. शेठनी एकदा मागच्या वखारीकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्यासंगं या जरा."

कांद्याच्या वखारीच्या मागे, बाभळीखाली, अण्णांच्या ट्रकचा सख्खा भाऊ पडला होता. शेठच्या वडिलांनी पूर्वी कधीतरी लिलावात घेऊन त्यावर कांदा वाहिला होता. आता चाकं नव्हती, काचा नव्हत्या, केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या. गिअरबॉक्स मात्र जागेवर होता. शेठ घुटमळत होते, वडिलांची आठवण म्हणून. पण मागून काठी टेकत आजी आल्या. त्यांनी निकाल देऊन टाकला. ज्यानं ती पीडा आणली त्यानं तिच्या बहिणीलाही घेऊन जावं, एकटी मागं ठेवू नये.

आम्ही तो गिअरबॉक्स उघडायला घेतला. नट गंजून एकजीव झालेले. आत पाणी गेलं असेल तर सगळं खलास, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. झाकण निघालं. आत काळंभोर, घट्ट तेल तसंच होतं. अण्णांनी कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले आणि अंगठा फिरवायला लागले. मोजून झाल्यावर पुन्हा मोजले. मग मला मोजायला लावले. मी तीन वेळा चुकलो, पण चौथ्यांदा जुळलं. अण्णांनी गिअर शाफ्टवर धरून इकडेतिकडे हलवून पाहिला आणि काहीच बोलले नाहीत. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

गिअर बसवून होईपर्यंत पाडव्याच्या आदल्या दिवसाची सकाळ उजाडली. मी रजा टाकली होती. भंगारवाला सकाळीच येऊन टाकीच्या कठड्यावर बसला होता, नुसता बघायला आलोय म्हणाला. सेक्रेटरी गॅलरीतून घड्याळाकडे पाहत होते. अण्णांनी देवाचं नाव घेतलं, पहिला टाकला, गेटबाहेर वळण घेतलं आणि दुसरा टाकला. पडला. मी डॅशबोर्डला इतका घट्ट धरून बसलो होतो की बोटं नंतर सोडवावी लागली.

त्या प्रवासाचं वर्णन मला धड करता येणार नाही, कारण अर्धा वेळ माझे डोळे मिटलेले होते. पुढे कंटेनर, शेजारी कंपनीच्या बसगाड्या, मधून घुसणाऱ्या मोटारसायकली. मोशीच्या पुलावर इंजिन तापतंय असं वाटलं, मग ब्रेक कमी लागतोय असं वाटलं, मग आपल्याला चक्कर येतेय असं वाटलं. चाकणच्या चौकात तासभर आम्ही मुंगीच्या पावलाने सरकत होतो. पहिला, दुसरा, परत पहिला. तिसरा गिअर सगळ्या रस्त्यात एक-दोनदा पडला असेल. चौथा तर कामालाच आला नाही. तेवढा मोकळा रस्ता आम्हाला कुठे मिळालाच नाही.

पण ट्रक चालत गेला. मेव्हण्यांनी झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, पोराटोरांनी टपावर चढून गोंधळ घातला. शेडमध्ये ट्रक लागला आणि सगळे जेवायला घराकडे गेले. मी माझी पिशवी उचलली. झालं एकदाचं. उद्या पाडवा, परवापासून माझे रविवार मोकळे. हिला बाजारात न्यायचं कबूल केलं होतं. किती महिन्यांनी छाती हलकी झाली होती.

अण्णा खाली उतरले नव्हते. स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले होते.

"सुहास," ते म्हणाले, "चौथ्यात आवाज येतोय. ऐकलास का तू?"

मी म्हणणार होतो, की अण्णा, चौथा पडलाच कुठे? जिभेवर आलं होतं. पण त्यांनी मान वळवून पाहिलं आणि मी थांबलो. काकूंच्या तेराव्याला मांडववाला खुर्च्या गोळा करत होता, आम्ही सगळे चपला शोधत होतो, तेव्हा अण्णा दारात उभे राहून असेच पाहत होते. त्या दिवशी मी चपला घालून समोरच्या माझ्या घरात निघून गेलो होतो. गिअर शोधायला वणवण केली ती मला वाटलं ट्रकसाठी. ट्रक पुरा झाला तर आपल्याकडे कोण येणार, ही धास्ती हा माणूस सगळा रस्ता शेजारी बसून एकटाच वागवत होता.

"ऐकला की," मी म्हणालो. "मोशीपासूनच येतोय."

"व्हय ना?" अण्णांचा चेहरा उजळला. "मला वाटलं, मलाच भास व्हतोय. मग खोलावा लागंल."

"रविवारी येतो सकाळी."

"ये. आन् डबा आनू नगं. हितं पिठलं-भाकरी करायला सांगतो," असं म्हणत अण्णा केबिनमधून खाली उतरले.